शाखा बदलावी की नाही: वेर्ण्यातील एका तरुण अभियंत्याचे प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारी माझी भाची साखळीहून फोंड्याला आमच्या घरी आली आणि जेवणे आटोपल्यावर तिने एक दोनशे पानी वही माझ्यापुढे उघडून ठेवली. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे ‘इन्स्ट्रुमेंटेशन’, म्हणजे कारखान्यातल्या मोजमापाच्या उपकरणांचे तिचे तेव्हाचे काम, आणि उजवीकडे ‘डेटा’ असे लिहिले होते; डाव्या बाजूला चार ओळी होत्या आणि उजव्या बाजूला एकोणीस. निर्णय झालेलाच दिसतो आहे, मग मला कशाला विचारतेस, असे मी म्हटले, त्यावर ती म्हणाली, “झाला असता तर तुझ्याकडे आले नसते, मामा. पर्वरीला गेले असते.”

पर्वरीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीने तिला डेटा ॲनालिटिक्स विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून घेण्याची तयारी दाखवली होती आणि उत्तरासाठी ३१ मार्चपर्यंत मुदत दिली होती. पुढचे चार-पाच महिने या प्रश्नाचा मी साक्षीदार होतो आणि काही अंशी भागीदारही. तिच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. तिचे, तिच्या वरिष्ठांचे आणि कंपन्यांचे नाव गाळले आहे. आमची बोलणी घरच्या रीतीप्रमाणे कोकणीतून झाली, ती इथे मराठीत उतरवली आहेत. आणखी एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. मी स्वतः बावीस वर्षे कारखान्यांच्या नियंत्रण-यंत्रणांमध्ये काढली आहेत, त्यामुळे भाचीने आपल्याच वाटेवर राहावे असे मला वाटणे साहजिक होते, आणि माझ्या सल्ल्यातल्या किमान दोन चुका या ओढीतून झाल्या.

परिस्थिती

२०२२ साली फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन ती त्याच वर्षीच्या जुलैत वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात रुजू झाली. इन्स्ट्रुमेंटेशन ही शाखा तिने निवडली असे म्हणणे धाडसाचे होईल. कॅम्पसमध्ये आलेली पहिली नोकरी ती होती आणि घरी राहून करता येणारी होती, एवढ्यावर तो विषय संपला होता. आपल्याकडे बहुतेकांच्या ‘स्पेशलायझेशन’चा जन्म असाच होतो. अडीच-तीन वर्षांनी कोणी शाखा बदलण्याचे बोलू लागले की घरातली मंडळी त्याला धरसोड म्हणतात; वास्तविक त्या माणसाने त्या विषयाचा विचार तेव्हा प्रथमच केलेला असतो.

तिचे काम काय होते हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्या कामाच्या पोटातच आहे. गोळ्या तयार करणाऱ्या कारखान्यात तापमान, दाब, आर्द्रता, पाण्याची विद्युतवाहकता असे बरेच काही अखंड मोजावे लागते. मोजणारे उपकरण आपला आकडा बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहातून पीएलसीकडे, म्हणजे यंत्रांना आज्ञा देणाऱ्या औद्योगिक संगणकाकडे, पाठवते. सुरुवात शून्यापासून न करता चारपासून करतात, कारण तार तुटली तर प्रवाह शून्यावर जातो आणि बिघाड लपून राहत नाही. पीएलसी त्या आकड्यावरून झडप उघडतो, पंप बंद करतो, आणि स्काडा हे सॉफ्टवेअर हे सगळे पडद्यावर दाखवून साठवून ठेवते. या साखळीतली उपकरणे ठरलेल्या दिवशी कॅलिब्रेट करणे, म्हणजे ती बरोबर मोजतात ना हे तपासून जुळवणे, बिघाडाचा फोन आला की धावणे आणि या दोन्हींची नोंद करणे, हे तिचे काम. नोंदीचा भाग लहान समजू नये. अमेरिकेला औषध पाठवणाऱ्या कारखान्याला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा, १९९७ पासून लागू असलेला ‘पार्ट ११’ हा नियम पाळावा लागतो, आणि त्यानुसार संगणकातला कोणता आकडा कोणी, केव्हा बदलला याचा माग राहावा लागतो. त्या शिस्तीची सावली कागदी रजिस्टरांवरही पडलेली असते, त्यामुळे दहा मिनिटांच्या कामामागे अर्धा तास लिहिणे येते.

या शाखेचा दुसरा विशेष म्हणजे ती सावकाश म्हातारी होते. १९७९ साली निघालेला मॉडबस हा संदेशवहनाचा प्रोटोकॉल आजही वेर्ण्यातल्या पॅनेलांमध्ये मुकाट्याने काम करतो आहे. पीएलसीच्या प्रोग्रॅमिंग भाषांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९३ मध्ये आले, आणि तेव्हा त्यांतली लॅडर लॉजिक ही भाषा शिकलेला माणूस आजच्या नव्या पीएलसीसमोर बसला तर बावचळत नाही. शिकलेले वाया जात नाही, असे मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितले. तिने त्याची दुसरी बाजू दाखवली, जी मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. “तुझे वाया जात नाही, तसे माझ्या वरिष्ठांचेही वाया जात नाही. ते वीस वर्षांपूर्वी लागले, त्यांना प्रत्येक पॅनेल तोंडपाठ आहे. मी कितीही पळाले तरी त्यांच्या मागे वीस वर्षेच राहणार. डेटामध्ये सगळ्यांनाच दर दोन वर्षांनी नव्याने शिकावे लागते, तिथे मी फक्त दोन वर्षे मागे आहे.” हा मुद्दा तिच्या उजव्या बाजूच्या एकोणीस ओळींत सर्वांत वजनदार होता, आणि तो पगाराचा नव्हता.

घर

तिच्या वडिलांची हकीगत या प्रकरणात बाजूची नाही. भावोजी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर पोकलेनचे मेकॅनिक होते, त्यातही हायड्रॉलिक्सचे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, एप्रिल २०१४ मध्ये ती अटींसह उठली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन त्या वर्षीच्या १६ मार्चपासून काम पुन्हा ठप्प झाले. साखळी-डिचोलीकडच्या घरांत या तारखा वाढदिवसांसारख्या पाठ आहेत. पहिल्या वेळी भाची बारा वर्षांची होती. दारातला ट्रक विकला जाताना पाहिलेली मुले तिच्या वर्गात होती. तिच्या घरी ट्रक नव्हता, पण वडील सकाळी आठनंतरही घरीच असतात हे तिने पाहिले होते.

त्यामुळे ताईचे मत पक्के होते: सरकारी नोकरी. ताई मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, आणि खाणी बंद असताना घर तिच्या पगारावर चालले. वीज खात्यात कनिष्ठ अभियंत्याच्या जागा निघतील, कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा दे, एवढेच ती दर वेळी म्हणत असे. या पर्यायाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भाचीला त्यात रस नव्हता, आणि जाहिरात केव्हा निघेल यावर आयुष्याचे वेळापत्रक बांधता येत नाही.

भावोजींचे मत मात्र मी ओढूनच काढले, कारण ते आपणहून बोलत नाहीत. २०१२ नंतर ते कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करायला लागले आणि तिथेच राहिले. पोकलेन आणि प्रेस यांत साम्य ते काय, असे मी विचारले. ते म्हणाले, “काहीच नाही. पहिले दोन महिने मी स्पॅनर हातात घेतला नाही, नुसता सर्किटचा कागद वाचला. पोकलेनचा कोणता बोल्ट कुठे, हे माझ्याइतके तिकडे कोणाला ठाऊक नव्हते, ते सगळे फुकट गेले. तेल दाबाखाली कसे वागते ते मात्र बरोबर आले.” मी त्यांचे हे बोलणे भाचीला सांगितले आणि तिच्या वहीतली मधली रेघ खोडायला लावली. दोन शाखा समोरासमोर ठेवण्याऐवजी, स्वतःला जे येते त्यातले काय या कारखान्याबाहेर पडल्यावर संपेल, काय या मेकचा, म्हणजे या कंपनीने बनवलेला, पीएलसी बदलल्यावर संपेल आणि काय कुठेही बरोबर येईल, असे तीन कप्पे करायला सांगितले. पहिल्या कप्प्यात कोणते पॅनेल कोणत्या मजल्यावर आहे आणि कोणत्या साहेबाला केव्हा फोन करू नये, इथपर्यंतच्या गोष्टी आल्या. दुसरा तिच्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला. तिसऱ्या कप्प्यात तिने बराच वेळ काहीच लिहिले नाही आणि मग एका बॅचचा क्रमांक लिहिला.

अर्धा ओहम

त्या बॅचची गोष्ट अशी. गोळ्यांसाठीची ओली ग्रॅन्युल्स, म्हणजे दाणे, गरम हवेने सुकवणाऱ्या यंत्राला तिथे एफबीडी म्हणतात. त्यातल्या एका एफबीडीवर आत येणाऱ्या हवेचे तापमान अधूनमधून किंचित चढलेले दिसे. मर्यादेच्या बाहेर ते कधीच गेले नव्हते, त्यामुळे अलार्म नाही, आणि सेन्सर दर वेळी कॅलिब्रेशनमध्ये उत्तीर्ण होत होता. वरिष्ठांच्या मते हा हवेतला चढउतार होता. हिने गुणवत्ता विभागाची रीतसर परवानगी काढली, तिला आठवडा लागला, आणि चौदा बॅचेसचे ट्रेंड, म्हणजे वेळेनुसार साठलेले तापमानाचे आकडे, एक्सेलमध्ये उतरवून घेतले. (पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ती घरी शिकत होती, पण कारखान्यातल्या प्रमाणित संगणकावर वाटेल ते सॉफ्टवेअर टाकता येत नाही.) चौदाही बॅचेस तिने घड्याळाच्या वेळेनुसार न मांडता ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, सुरू झाल्याच्या क्षणापासून मोजून एकाखाली एक मांडल्या. अकरा बॅचेसमध्ये ब्लोअर सुरू होताच आकडा सुमारे १.३ अंशांनी उडी मारून वर जात होता आणि ब्लोअर थांबला की खाली येत होता.

हवा अशी उडी मारत नाही, ती हळूहळू तापते. तिथला सेन्सर पीटी-१०० जातीचा, म्हणजे शून्य अंशाला ज्याचा विद्युत रोध १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. १.३ अंश म्हणजे अर्धा ओहम. एवढा रोध आगंतुक येतो तो बहुधा ढिल्या जोडणीतून. ती शिडीवर चढली, जंक्शन बॉक्सचे झाकण काढले आणि स्क्रूड्रायव्हर लावला तेव्हा एका टर्मिनलचा स्क्रू पाऊण वळसा फिरला. ब्लोअरच्या कंपनाने ती जोडणी हलत होती. कॅलिब्रेशन करताना यंत्र बंद असते आणि सेन्सर काढून वेगळ्या तापकात तपासला जातो, म्हणून तो दर वेळी निर्दोष ठरत होता. दोष त्याच्यात नव्हताच.

हे काम डिसेंबर २०२४ मध्ये झाले. अहवाल वर गेला तेव्हा त्यावर शोधकर्ता म्हणून वरिष्ठांचे नाव होते आणि तिचे नाव ‘सहाय्य’ या रकान्यात होते. जानेवारीत तिने पर्वरीच्या कंपनीकडे अर्ज केला. या दोन घटनांमधले अंतर तीन आठवड्यांचे आहे हे तिने मला सांगितले नव्हते. तारखा जुळवून मी विचारले तेव्हा तिने मान हलवली. शाखा बदलण्याच्या विचारामागे पुष्कळदा असा एखादा अपमान असतो आणि माणूस त्याला बाजारपेठेच्या भविष्याची भाषा चढवतो. अपमान खरा असला तरी त्यावर उपाय म्हणून शाखाच सोडणे म्हणजे ढिल्या टर्मिनलपायी सेन्सर बदलण्यासारखे होईल, असे मी तिला म्हटले. ती हसली, पण तिला ते पटले नाही, आणि तिचे कारण बरोबर होते: “साहेब बदलला तरी उद्या मी रजिस्टरच भरणार ना?”

पैशाचा हिशेब

इथे मी थोडक्यात आटपतो, कारण आकडे सोपे होते. हातात येणारा पगार २४,५०० रुपये. पर्वरीत सहा महिने १५,००० रुपये विद्यावेतन आणि त्यानंतर, काम पसंत पडल्यास, २८,०००. म्हणजे सहा महिन्यांची तूट ५७,००० रुपये. बँकेत तिचे एक लाख दहा हजार होते, घरी ती आठ हजार देत असे आणि स्कूटरचा हप्ता ३,१०० होता. कर्ज न काढता निभावले असते. साखळीहून पहाटे सहाची कंपनीची बस आणि संध्याकाळी पावणेसातला घर, हा क्रमही सुटला असता.

विभागातल्या सहकाऱ्यांचा सल्ला होता की पाच वर्षे तरी पूर्ण कर, ग्रॅच्युइटी कशाला सोडतेस. हा सल्ला इतक्या ठिकाणी इतक्या गंभीर चेहऱ्याने दिला जातो की एकदा तो आकडा काढून दाखवावा असे मला वाटले. तिचा मूळ पगार १३,०००. त्याला १५ ने गुणून २६ ने भागले की एका वर्षाचे ७,५००, आणि पाच वर्षांचे ३७,५०० रुपये. मूळ पगार थोडा वाढेल असे धरले तरी चाळीस-पंचेचाळीस हजारांसाठी पंचविसाव्या वर्षी आणखी सव्वादोन वर्षे थांबायचे, हा सौदा कोणी तरुणाने डोळे उघडे ठेवून करू नये. भविष्य निर्वाह निधी तर नव्या नोकरीत वर्ग होतोच. दोन वर्षांचा बाँडही संपलेला होता. राहिली ती साठ दिवसांची नोटीस.

वीस दिवसांची नोंद

माझा पहिला ठोस सल्ला असा होता की तिने आपल्याच कारखान्यात व्हॅलिडेशनकडे बदली मागावी. संगणकीय प्रणाली अपेक्षेप्रमाणे चालतात हे पुराव्यानिशी सिद्ध करणे हे ते काम. औषध उद्योगात त्याला मागणी आहे. त्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी ‘गॅम्प ५’ ही मार्गदर्शिका २००८ मध्ये निघाली आणि २०२२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकरणांची जाण आणि संगणकाची आवड अशा दोन्हींची सांगड तिथे बसेल, असा माझा हिशेब होता. सल्ल्याबरोबर मी तिला एक कामही दिले: कामाचे वीस दिवस, रोज घरी परतताना बसमध्ये, कोणत्या कामाला किती वेळ गेला एवढेच लिहायचे, मत काही लिहायचे नाही.

मार्चच्या मध्यावर तिने ती पाने आणली. एकशे साठ तासांपैकी एकाहत्तर तास लिहिण्याचे होते: रजिस्टर, लॉगबुक, फॉर्म, आणि त्यांतली बरीच नोंद एकच आकडा तीन ठिकाणी उतरवण्याची. कॅलिब्रेशनला चौतीस तास. प्रत्यक्ष बिघाड शोधण्याचे अवघे एकोणीस, आणि ते तास ज्या दिवशी आले त्या दिवशी तिने बसमध्ये झोप न काढता नोंद लिहिली होती, हे अक्षरावरूनही दिसत होते. उरलेला वेळ बैठका, वाट पाहणे आणि कपडे बदलून स्वच्छ विभागात जाणे-येणे यांत गेला होता. मग तिने माझ्याच सल्ल्यावर बोट ठेवले. “व्हॅलिडेशनमध्ये हे एकाहत्तर तास एकशे वीस होतील, मामा.” ते खरे होते. जे काम मला तिच्यासाठी नेमके मधले वाटत होते, ते तिला जाचणाऱ्या गोष्टीचेच मोठे रूप होते. माझी पहिली चूक ती हीच. मी शाखेच्या नावाकडे पाहून सल्ला दिला होता, दिवसाच्या तासांकडे पाहून नव्हे.

दुसरीकडे पर्वरीच्या कंपनीने तिची परीक्षा म्हणून एक काम दिले होते: कोण्या दुकान-साखळीच्या विक्रीची फाइल, नावे पुसलेली, ती साफ करून त्यातून काय दिसते ते सांगायचे. दोन संध्याकाळींत तिने ते केले, आणि चांगले केले, कारण त्यांनी लगेच होकार कळवला. त्याच रात्री तिचा फोन आला. तिने शोधून काढले होते की एका शाखेची विक्री दर मंगळवारी पडते. “का पडते ते विचारले, तर म्हणाले, ते ग्राहक बघेल, आपण चार्ट द्यायचा. मामा, ह्यात काहीच उघडून बघता येत नाही.”

या वाक्यानंतर मी तिला फारसे काही सांगितले नाही. एक शंका मात्र बोलून दाखवली, आणि ती माझी वैयक्तिक समजूत म्हणूनच घ्यावी: फाइल साफ करणे, ठरावीक चार्ट काढणे, साध्या क्वेरी लिहिणे ही नवशिक्याची कामे नोव्हेंबर २०२२ नंतर आलेल्या चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या आवाक्यात सर्वांत आधी आली आहेत, त्यामुळे प्रशिक्षणार्थी म्हणून त्या दाराने आत शिरायचे असेल तर आत आपल्याजवळ दुसरे काय आहे हे माहीत असावे. जंक्शन बॉक्स उघडायला शिडीवर चढणारा माणूस अजून तरी लागतो. तिला कोणता आकडा संशयास्पद हे कळत होते आणि तो कुठून आला तिथवर जाताही येत होते. यांतले एक सोडून दुसऱ्याच्या मागे जाण्यात शहाणपण दिसत नव्हते.

निर्णय

३० मार्चला तिने पर्वरीला नकार कळवला. नकारानंतरचा आठवडा वाईट गेला, हे नोंदवायला हवे. आपण भित्रेपणाने मागे राहिलो असे तिला वाटत होते, आणि ताईने आनंदाने वीज खात्याचा विषय पुन्हा काढल्याने त्यात भरच पडली.

एप्रिलमध्ये तिने स्वतःच तिसरा मार्ग शोधला. मडगावातली एक कंपनी वेगवेगळ्या कारखान्यांसाठी पीएलसी आणि स्काडा बसवून देते आणि अलीकडे त्याच यंत्रांची माहिती साठवणारे, तपासणारे सॉफ्टवेअरही त्यावर चढवून देते. तिथे जागा होती. पगार २५,५००, म्हणजे हजार रुपये जास्त. बाहेरगावी पुष्कळ दिवस. नोंदवह्या कमी, पण मुदतीचा ताण जास्त. शाखा बदलली असे म्हणावे तर उपकरणे तीच, प्रवाह तोच ४ ते २०. बदलली नाही असे म्हणावे तर दिवसातले निम्मे काम एसक्यूएल या, साठवलेल्या माहितीतून हवे ते काढण्याच्या, भाषेत. मुलाखतीत त्यांनी तिला पदवीबद्दल एक प्रश्न विचारला आणि एफबीडीच्या त्या बॅचबद्दल चाळीस मिनिटे. अहवालावर कोणाचे नाव होते, हा प्रश्न तिथे कोणाच्या मनातही आला नाही.

माझी दुसरी चूक इथली. जून महिन्यात तिच्या कारखान्यात नवी पॅकिंग लाइन बसणार होती. ती उभी होताना पाहा, अनुभवात भर पडेल, आणि मग राजीनामा दे, असे मी आग्रहाने सांगितले. तिने ऐकले नाही. मेमध्ये राजीनामा दिला, साठ दिवस भरले आणि जुलैत, तीन वर्षे पूर्ण होता होता, बाहेर पडली. ती लाइन जूनमध्ये आलीच नाही. भाची निघेपर्यंत त्या लाइनचे खोकेसुद्धा गोव्यात उतरले नव्हते. कारखान्यातल्या भावी तारखांवर वैयक्तिक निर्णय टेकवू नये हे मी इतरांना कायम सांगत आलो होतो.

सहा महिन्यांनंतर

जानेवारी २०२६ पर्यंतचे चित्र संमिश्र आहे. एसक्यूएल तिला आता सराईतपणे येते, पायथन कामापुरते येते. लॅडर लॉजिक लिहिण्याचे काम अनुभवी मंडळी स्वतःकडे ठेवतात, ते तिच्या वाट्याला अजून आलेले नाही, आणि कारखान्यात राहिली असती तर नव्या लाइनवर ते मिळाले असते असे ती म्हणते. मला याचे उत्तर देता आले नाही. २७ ऑगस्टला चवथीला ती हिमाचलात बद्दीला एका कारखान्यात यंत्रणा सुरू करून देण्याच्या कामावर होती. आमच्या दोन्ही घरांत गणपतीला ती नसण्याची ही पहिली वेळ. ताईने गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना एवढेच विचारले की वहीत हे लिहिले होते का. लिहिले नव्हते. तासांच्या नोंदीत आणि पैशाच्या हिशेबात ही ओळ कुठेच आली नव्हती, आणि ती आणण्याचे मलाही सुचले नव्हते.

डिसेंबरात सुट्टीवर आली असताना तिने बद्दीच्या कामाचा स्काडाचा पडदा लॅपटॉपवर वडिलांना दाखवला: गरम पाण्याचे जॅकेट असलेले भांडे, पंप, झडपा, बदलणारे आकडे. भावोजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले, बोटाने पंपापासून भांड्यापर्यंतची रेषा चाचपली आणि विचारले, “ह्यात रिलीफ व्हॉल्व कुठे आहे?” दाब जास्त झाला की आपोआप उघडणारा हा व्हॉल्व यांत्रिक असतो, त्याला तार नसते, म्हणून पडद्यावर येत नाही, असे ती सांगू लागली. “तार नाही म्हणून नाही?” ते म्हणाले. तिने पाइपिंगचा मूळ आराखडा उघडला, त्यात तो शोधला, आणि दुसऱ्या दिवशी बद्दीला फोन करून तो तिथे प्रत्यक्ष बसवलेला आहे ना, हे कोणाला तरी जाऊन बघायला सांगितले.